रिकामे भांडे

आमच्या स्वयंपाकघरात एक पितळी डबा आहे. तो आमचा की शेजारच्या आपांचा, हे आता दोन्ही घरांतले कोणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. डब्यावर नाव घातलेले आहे, पण ते तिसऱ्याच कुठल्या तरी घराण्याचे. कोणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून तो आला असेल आणि हिंडत हिंडत लातूरच्या आमच्या गल्लीत येऊन स्थिरावला असेल. वीस-बावीस वर्षे तो दोन घरांमधली सहा पावले ये-जा करीत आहे, आणि एवढ्या काळात तो एकदाही रिकामा गेल्याचे मला स्मरत नाही.

2025 साली तर मोठी मौज झाली. पाडवा आला रविवारी, 30 मार्चला, आणि लगेच दुसऱ्या दिवशी रमजानची ईद. रविवारी आपांचा अखेरचा रोजा होता, म्हणून पोळ्या रोजा सोडण्याच्या वेळेला गरम पोचतील अशा बेताने मी दुपारी उशिरा डाळ शिजत घातली. सूर्य मावळायला आम्ही गुढी उतरवली, आणि थोड्याच वेळात गल्लीतली पोरे चंद्र दिसल्याची आरोळी ठोकीत धावली. सोमवारी सकाळी तोच डबा शीरखुर्म्याने भरून आमच्या उंबऱ्यावर हजर. आपा स्वतः आल्या होत्या. म्हणाल्या, "ताई, औंदा पुरणात जायफळ जरा जादाच पडलं बघा." मीही शीरखुर्मा चाखून सांगितले, की खारका अजून भिजायला हव्या होत्या. आमचे हे जुनेच आहे. परक्याच्या अन्नाला कोणी नाव ठेवीत नाही; तिथे 'छान झालंय' एवढेच म्हणायचे असते.

भांडे रिकामे परत करू नये, हे मला आईने शिकवले. घरात काहीच नसेल तर चिमूटभर साखर घालावी, पण भांड्याचा तळ दिसता कामा नये. हा नियम मी जन्मभर मनोभावे पाळला, आणि पाळल्याचा थोडा अभिमानही बाळगला. त्या सोमवारी डबा घासताना मात्र एक शंका मनात शिरली आणि ती काही केल्या जाईना. मी डबा भरून पाठवते, तो आपांना काही द्यावे म्हणून, की त्यांचे माझ्याकडे काही राहू नये म्हणून? चोवीस तासांच्या आत फेडलेले ते प्रेम, की उधारी?

आपली भाषा या बाबतीत फार सावध आहे. 'देणे' म्हणजे दान आणि 'देणे' म्हणजे कर्जही. एकच शब्द दोन्हीकडे उभा. देणाऱ्यासाठी तिने दाता, दानशूर, उदार असे शब्द घडवले. घेणाऱ्यासाठी काय आहे? मिंधा, उपकृत, आश्रित, आणि अगदी घरगुती शब्द हवा असेल तर फुकट्या. आनंदाने, मान खाली न घालता दुसऱ्याकडून घेणारा जो कोणी असेल, त्याला मराठीत नाव नाही. देण्याचे गोडवे आपण लहानपणापासून ऐकतो. घेणे हेही माणसाला यावे लागते, त्यालाही मनाचा मोठेपणा लागतो, हे कोणी सांगत नाही. आणि खरे सांगायचे तर दोहोंपैकी घेणेच मला अवघड वाटत आले आहे. का, ते सांगायचे तर गावाकडे जायला हवे.

आमचे गाव औसा तालुक्यातले. मी सांगते तो काळ साधारण 1963-64 चा. लातूर जिल्हा व्हायला अजून बराच अवकाश होता, तो 1982 साली झाला. पाडवा हा आमच्याकडे गुढीचा सण होताच, पण त्याहून तो सालगड्याचा सण होता. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत गड्याचे साल. रोख रुपये किती, ज्वारीची पोती किती, गहू किती, धोतरजोडी, घोंगडे, पायताण असा करार तोंडी ठरे आणि तो ठरल्यावर गडी आमच्याकडे पुरणपोळी जेवे. अंगणात जेवे. त्याची थाळी गोठ्याच्या कोनाड्यात निराळी ठेवलेली असे. त्याची बायको आमच्याकडे शेणगोठा करी. तिला आम्ही मुले मावशी म्हणत असू. घर तिचे गावकुसाबाहेर.

आमचे घर देण्यात कमी नव्हते, हे आधी सांगितले पाहिजे. मार्गशीर्ष अमावास्येला आमच्या भागात येळवस असते. सगळे गाव शेतात जाते. कडब्याची कोप करायची, चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, त्यांची पूजा करायची आणि मग जेवायचे: वाल, तूर, हरभरा आणि मिळतील त्या भाज्या घालून केलेली भज्जी, ज्वारीचे उंडे, तिळाची भाकरी, गव्हाची खीर, आणि मडक्यात आंबवलेले ताकाचे आंबील. वडील बांधावर उभे राहून रस्त्याने जाणाऱ्या येणाऱ्याला हाका मारीत. ओळख विचारीत नसत, जातही विचारीत नसत. 'आमच्या शेतावरून उपाशी कोणी गेला नाही' हे वाक्य ते वर्षभर पुरवून वापरीत. मला वाटे, याहून मोठे घर दुसरे नसेल.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मावशी हुग्गी घेऊन येई. हुग्गी म्हणजे आमच्याकडची गव्हाची खीर. गहू ओलवून कांडायचे, पाखडून कोंडा काढायचा, रात्रभर भिजवायचे आणि मग मंद आचेवर फुटेपर्यंत शिजवून त्यात गूळ, खोबरे, सुंठ, बडीशेप घालायची. उखळापाशी दोन दिवस जातात. मावशी दिवसभर आमच्याकडे राबत असे, म्हणजे हे कांडण ती रात्री करीत असणार. जर्मनच्या एका लहान पातेलीत फडक्याखाली झाकून ती आणी आणि ओट्याच्या कडेला ठेवून दूर उभी राही. "बाई, लेकरान्ला द्या." आई म्हणे, "अगं, कशाला एवढं केलंस!" आणि मनापासून म्हणे. मग हुग्गी दुसऱ्या भांड्यात ओतून घेई, मावशीच्या पातेलीत मूठभर साखर घाली, कधी खणही ठेवी. भांडे रिकामे परत जात नसे.

मावशी वळणावरून दिसेनाशी झाली की आई मला हाक मारी, "जा, गाईला घालून ये."

आता या हुग्गीतला गहू कुठला, ते पाहा. तो आमच्याच शेतातला. मावशीच्या नवऱ्याने तो पेरला, त्याला पाणी दिले, कापला, मळला आणि पाठीवर वाहून आमच्या बळदात ओतला. तिथपर्यंत तो चालला. त्यातलाच पायलीभर सालापोटी त्याच्या घरी गेला. तिथेही, कच्चा असता, तो परत आमच्या घरी चालला असता. मावशीने शेंगा दिल्या, तुरीच्या ओल्या शेंगा दिल्या, तर आई त्या ठेवून घेई. पण त्या गव्हाला मावशीच्या चुलीची आच लागली, मावशीचा हात लागला, म्हणजे कोणीतरी आपल्यासाठी रात्र जागून केलेली वस्तू असे त्याला रूप आले, की तो गाईचा झाला. विटाळ गव्हाला नव्हता, घामालाही नव्हता. शिजवण्यात जी माया असते नेमका तिचाच विटाळ होता.

आई दुष्ट नव्हती. मावशीचे पोर तापाने फणफणले तेव्हा आईने रात्रीत काढा करून पाठवला, थंडीत आपले लुगडे दिले. मागितले त्याहून जास्त दिले. म्हणूनच हे कोडे मला सुटत नाही. दुष्टपणा असता तर गोष्ट सोपी होती. दोष देऊन मोकळे होता आले असते. इथे दातृत्व भरपूर होते, आणि त्या दातृत्वाला एका बाजूने कुलूप होते. आम्ही मावशीला मावशी म्हणत होतो, पण मावशीच्या हातचे खात नव्हतो. मी तर म्हणेन, ती आमचे खाई आणि आम्ही तिचे खात नसू, एवढ्यावरच आमचे मोठेपण उभे होते. चवदार तळ्यावर 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांनी ओंजळीने पाणी घेतले, ते हक्काचे घेणे होते आणि त्यासाठी सत्याग्रह करावा लागला. पण आमच्यासारख्यांनी मावशीच्या माठातले पाणी मागून प्यावे, यासाठी कोणी सत्याग्रह केल्याचे मी ऐकले नाही. तो करायचा तर आम्हालाच करावा लागला असता, आणि आमच्याच विरुद्ध.

छांदोग्य उपनिषदात उषस्ति चाक्रायणाची कथा आहे. गारपिटीने कुरुदेशातले पीक गेले, दुष्काळ पडला. हा विद्वान ब्राह्मण बायकोसह हत्तीवाल्यांच्या गावात येऊन राहिला. एक हत्तीवाला कुल्माष खात बसलेला त्याला दिसला. कुल्माष म्हणजे आपल्या हुलग्या-उडदासारखे काही शिजवलेले कडधान्य. उषस्तीने मागितले. तो म्हणाला, माझ्यापुढे आहेत तेवढेच आहेत. त्यातलेच त्याने दिले. वर पाणीही देऊ केले. तेव्हा उषस्ति म्हणाला, ते उष्टे होईल. हत्तीवाल्याने साहजिकच विचारले, मग हे कुल्माष उष्टे नव्हते का? उषस्तीचे उत्तर असे, की ते खाल्ले नसते तर मी जगलो नसतो. पाणी काय, मला हवे तिथे मिळेल.

यालाच आपद्धर्म म्हणतात, आणि शास्त्री लोक ही कथा मोठ्या कौतुकाने सांगतात: जीव जगण्यापुरतेच नियमाबाहेर गेला, एक घोट जास्त नाही. माझे लक्ष मात्र त्या हत्तीवाल्याकडे जाते. स्वतःच्या पानातले अर्धे अन्न त्याने दिले आणि बदल्यात त्याला समजले काय, तर तुझे आम्ही घेतले ते केवळ मरण टाळायला. माझ्या डोळ्यांपुढे तो हत्तीवाला येतो तो ओट्याच्या कडेला उभ्या असलेल्या मावशीसारखा. गरजेने घेतलेले हे घेणेच नव्हे. गरज संपली की जुना नियम जागच्या जागी येऊन बसतो. 1972 च्या दुष्काळात अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी आमच्या घरानेही खाल्ली. ती कोणी पेरली, कोणी भरली, हे आईने विचारले नाही. पुढच्या वर्षी पाऊस पडला, आणि कोनाड्यातली निराळी थाळी होती तिथेच होती.

लग्नानंतर पंधरा वर्षे आम्ही नांदेडला काढली. गुरू गोविंदसिंगांनी 1708 साली तिथे देह ठेवला. त्या सचखंड हुजूर साहिबच्या परिसरात बाराही महिने लंगर चालतो आणि होळीच्या सुमारास होला महल्ल्याला तर गावात माणूस मावत नाही. आमच्या शेजारी एक सरदारीणबाई होत्या. मराठी आमच्याइतकीच चांगली बोलत. रागावल्या की पंजाबी. त्यांनी एका होळीला मला लंगरात नेले. खाली पंगतीत बसलो. वाढपी रोट्यांची टोपली घेऊन आला. मी सवयीने ताट पुढे सरकवले. तो थांबला. मी उजवा हात पुढे केला. तरी तो थांबलेलाच. "दोनों हाथ, बीबीजी," तो म्हणाला. लंगरात रोटी ताटात टाकीत नाहीत. दोन्ही हात पसरून ती घ्यावी लागते.

मी हात पसरले, आणि मला लाज वाटली, हे कबूल केले पाहिजे. आजूबाजूला कोणी ओळखीचे पाहत तर नाही ना, असेही मनात येऊन गेले. येळवशीला शेकडो पानांवर मी वाढले होते. असे हात मात्र कधी पसरले नव्हते. डाळ-रोटी चांगली होती, पोटभर जेवले. घरी परतताना मी मनाची समजूत घातली, की छे, त्यात काय, प्रसाद होता तो.

ही पळवाट किती सोयीची आहे पाहा! प्रसाद म्हटले की देणारा देव होतो. रोटी लाटणाऱ्या बायका, ती भाजणारे, टोपली घेऊन फिरणारा तो पोरगा, ही सगळी माणसे मधून नाहीशी होतात. देवाचे मिंधे व्हायला कोणाची हरकत नसते. अकबर बादशहा गोइंदवालला गुरू अमरदासांच्या दर्शनाला गेला तेव्हा त्यालाही आधी पंगतीत बसून जेवावे लागले, असे शीख परंपरा सांगते. जेवून उठल्यावर त्याने लंगरासाठी जमीन देऊ केली आणि गुरूंनी ती नाकारली, असेही ती सांगते. लोक यात बादशहाचे औदार्य आणि गुरूंचे वैराग्य पाहतात. मला त्यात माझा पितळी डबा दिसतो. एका जेवणाचे ओझे बादशहालाही रात्रभर सहन झाले नाही.

फाल्गुनात पैठणला नाथषष्ठी भरते. एकनाथांनी काशीची कावड तहानलेल्या गाढवाला पाजली आणि श्राद्धाचे अन्न अस्पृश्यांना वाढले, या कथा शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतात. नाथ राण्या महाराच्या घरी जेवायला गेले, ही कथा त्या मानाने कमी सांगितली जाते. आणि तीत मध्येच देव येतो. त्या वेळी नाथ दोन ठिकाणी दिसले, देवाने त्यांचे रूप घेतले होते, असे कथा म्हणते. नाथांना अशा आडोशाची गरज नव्हती, याबद्दल मला शंका नाही. ऐकणाऱ्यांना ती होती. नाथांनी दिले ते त्यांच्या गळी सरळ उतरले. नाथांनी घेतले ते उतरायला मात्र चमत्कार लागला.

मग 2016 चा उन्हाळा आला. त्या वर्षी लातूरचे जे झाले ते साऱ्या देशाने वर्तमानपत्रांत वाचले. मांजरा धरणाचा तळ उघडा पडला. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या जागी जमावबंदी लागू करावी लागली, एवढी भांडणे. पाडवा 8 एप्रिलला झाला आणि 12 एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातुरात आली: 10 वाघिणी, 5 लाख लिटर. उषस्तीचे सगळे उलटे झाले होते. अन्न घरात होते. हवे तिथे मिळेल म्हणून त्याने नाकारले, ते पाणीच नव्हते.

चैत्रगौरीचे हळदीकुंकू तोंडावर आले. आंब्याची डाळ करता येत होती, हरभरे वाटीभर पाण्यात भिजले असते, पण पंचवीस बायकांना पन्हे कुठून द्यायचे? यंदा नकोच, असे मी म्हणत होते. आपा म्हणाल्या, "ताई, ज्यानं त्यानं आपापला तांब्या आणावा की." आणि तसे झाले. चैत्रातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी गल्लीतल्या बायका, पदराखाली ओटीचे सामान घेऊन याव्यात तशा, पदराखाली तांब्याभर पाणी घेऊन आल्या. ते मी एका मोठ्या पातेल्यात ओतून घेतले. पंचवीस घरचे पाणी. त्यात लिंगायत होते, मराठे होते, बौद्ध होते, आपांचे होते. उकडलेल्या कैरीचा गर, गूळ, वेलदोडा, चिमूटभर मीठ घातले. कोणाचा घोट कोणता, हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते.

आई तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांची होती आणि आमच्याकडेच होती. तिने पेला हातात घेऊन विचारले, "पाणी कुठलं ग?" मी खरे ते सांगितले नाही. म्हटले, "मिरजेचं. गाडीतून आलंय." ती क्षणभर थांबली. "मिरजेचं म्हणजे कृष्णेचंच की," असे म्हणून तिने पन्हे पिऊन टाकले. मला हसू आले आणि वाईटही वाटले. तिनेही वाट काढली होती, माझीच, नांदेडची. पंचवीस शेजारणींचे पाणी तिला चालले नसते. एका नदीचे चालले. अर्थात, खोटे मी बोलले होते, तिने नव्हे.

त्या पावसाळ्याच्या अखेरीस मांजरा भरली. 2017 च्या चैत्रात हळदीकुंकू झाले, पन्हेही झाले, आमच्याच नळाच्या पाण्याचे. तांब्या कोणी आणला नाही. आणायचे कारणच नव्हते. मी सर्वांना पन्हे दिले, बायका 'छान झालंय' म्हणाल्या आणि गेल्या. आदल्या वर्षीसारखे हळदीकुंकू मात्र पुन्हा झाले नाही, असे मला वाटते. आपांना तसे वाटत नाही. त्या म्हणतात, पाणी असलेले बरे.

मावशीची धाकटी मुलगी लातुरात असते. परिचारिका म्हणून नोकरी करून ती निवृत्त झाली. बँकेत पेन्शनच्या रांगेत आमची गाठ पडते. तिने मला दोनदा घरी जेवायला बोलावले होते. एकदा मी गुडघ्याचे कारण सांगितले, एकदा पाहुण्यांचे. दोन्ही कारणे खरी होती. खरी कारणे आपल्याला बरोबर वेळेवर सापडतात, एवढेच. 2025 च्या त्या पाडव्यानंतर आठ-दहा दिवसांनी ती पुन्हा भेटली तेव्हा मीच म्हटले, "येते उद्या. हुग्गी करशील?"

ती हसली. "मिक्सरात गहू फिरवून करते अक्का, उखळ कुठं आता?"

दुसऱ्या दिवशी मी गेले. जाताना हातात काही नव्हते. रिकाम्या हाताने कोणाकडे जाऊ नये हाही आईचाच नियम; फळे घ्यावी म्हणून दोनदा रिक्षा थांबवली आणि दोनदा तशीच पुढे जाऊ दिली. टेबलाशी बसलो. तिने वाटीत हुग्गी वाढली, वर तूप घातले. मला तोंडात घास घालवेना. साठ वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितल्याशिवाय तो गिळता आला नसता. मी सगळे सांगितले. ओटा, पातेली, साखर, गाय.

ती शांतपणे ऐकत होती. म्हणाली, "आईला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं? मग दर पाडव्याला का आणायची?"

"ती म्हणायची, थोरल्या भांड्यातलं गाईला जातंय, पण गोठ्यात जाईस्तोवर पोरगी बोट घालून चाटती."

हे मी जन्मात कोणाला सांगितले नव्हते. आईला नाही, नवऱ्याला नाही. गोठ्याच्या दारामागे उभी राहून, कोणी पाहत नाही अशा खात्रीने, मी दर वर्षी ते करीत असे, आणि बोट परकराला पुसून परत येत असे. मावशी वळणावरून दिसेनाशी होई, असे आम्हाला वाटे.

हुग्गी निवत चालली होती. मी घास घेतला. गहू नीट फुटला होता, सुंठही बेताची होती. तिने विचारले, "कशी झाली?"

गूळ कमी होता. मी तसे सांगितले. ती उठली आणि डब्यातून गुळाचा खडा घेऊन आली.